ला पाल्मा बेटावरच्या केळीवाल्यांना युरोपचा पैसा नेमका कसा मिळाला?

तापीकाठचा केळीवाला (रावेर)

राम राम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. बरेच दिवस मनात साचलाय, म्हणून सगळंच लिहितो.

आमची अडीच एकर केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडी लावलेली) आहे, ४,३०० खोडं, सगळी टिश्यू कल्चरची. जूनच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सातच्या सुमारास वारं सुटलं. पाऊस चार थेंब, पण वारा असा की पत्र्यावर ठेवलेले दगड खाली आले. वीस मिनिटांत सगळं शांत. सकाळी आप्पा (माझे वडील) आणि मी बांधावर गेलो, तर बाग एकाच दिशेला निजलेली. घड पूर्ण भरले होते, आठ-दहा दिवसांत कटाई लागणार होती, व्यापाऱ्याचा माणूस बाग पाहूनही गेला होता. आप्पांनी एकेका ओळीतून चालत मोजलं. २,६०० खोडं आडवी. मोजून झाल्यावर ते काही बोलले नाहीत, ठिबकच्या नळ्या गोळा करायला लागले.

पंचनामा चौथ्या दिवशी झाला. तलाठी आणि कृषी सहायक दोघंही चांगले, उन्हात पूर्ण बाग फिरले. पण सरकारी मदतीचा निकष तेव्हा बहुवार्षिक पिकांना हेक्टरी २२,५०० रुपये होता. रोपं, खतं, ठिबक, मजुरी धरली तर माझा एका एकराचाच खर्च लाखाच्या पुढे जातो. फळपीक विम्याची सूचना ७२ तासांत द्यायची असते. खांब पडल्यामुळे गावात मोबाईल बंद होता, म्हणून दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर जाऊन दिली. तरी विमा कंपनीचं उत्तर आलं की महसूल मंडळाच्या हवामान केंद्रात तेवढ्या वेगाचा वारा नोंदलेला नाही. ते केंद्र आमच्या शेतापासून नऊ किलोमीटरवर आहे. त्याची तक्रार चालू आहे, ती इथे उगाळत नाही.

आता मूळ गोष्ट. माझा मावसभाऊ केळी निर्यातीच्या पॅकहाऊसवर आहे. त्याच्याकडून कळलं की स्पेनच्या ताब्यात कॅनरी नावाची बेटं आहेत आणि तिथेही आपल्यासारखीच केळी पिकते. त्यातल्या ला पाल्मा बेटावर २०२१ मध्ये ज्वालामुखी फुटला, १९ सप्टेंबरपासून ८५ दिवस लाव्हा वाहत होता आणि केळीच्या बागा त्याखाली गेल्या. आमची बाग निदान पुन्हा लावता येते, त्यांची जमीनच दगड झाली. पण मी वाचलं की युरोपने पैसा दिला आणि कॅनरीच्या प्रादेशिक सरकारने तो वापरून लोकांना उभं केलं.

माझे प्रश्न असे. युरोप म्हणजे सत्तावीस देशांचा संघ, मग बेटावरच्या शेतकऱ्यापर्यंत पैसा कोणत्या वाटेने आला? मधलं प्रादेशिक सरकार नेमकं काय करतं, नुसतं पुढे ढकलतं की स्वतः ठरवतं? आणि आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारला त्यातलं काही घेता येण्यासारखं आहे का? जाणकारांनी जरा फोड करून सांगावं.


धुळेकर, सध्या मुक्काम बोलोन्या

भाऊ, आधी आप्पांना नमस्कार सांग. माझ्या मामांची केळी चोपड्याला आहे. एका दिशेला निजलेली बाग मी लहानपणी पाहिली आहे, त्यामुळे तुझं लिहिलेलं वाचताना पोटात कालवलं. मी इथे इटलीत पॅकिंग मशीनच्या कारखान्यात नऊ वर्षं नोकरीला आहे. तुझ्या प्रश्नातला काही भाग मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. युरोपच्या आपत्ती निधीतून केळीच्या नुकसानीचे पैसे शेतकऱ्याच्या हातात पडले, असं झालेलं नाही. तो निधी खासगी नुकसानीसाठी नाहीच. त्याला ऐक्य निधी म्हणतात, २००२ च्या ऑगस्टमध्ये मध्य युरोपात मोठे पूर आले त्यानंतर तो सुरू झाला. त्यातून रस्ते, पाण्याच्या लाइनी, शाळा, तात्पुरता निवारा, साफसफाई एवढंच होतं. एखाद्या प्रांताचं नुकसान त्याच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दीड टक्क्याच्या वर गेलं तरच अर्ज करता येतो. कॅनरीसारख्या मुख्य भूमीपासून लांबच्या प्रदेशांना ही अट एक टक्का आहे. आणि प्रांतिक आपत्तीला मिळतात किती, तर एकूण थेट नुकसानीच्या अडीच टक्क्यांच्या हिशेबाने. ला पाल्मासाठी स्पेनला साधारण ९५ लाख युरो मिळाले, त्या वेळच्या दराने ८० कोटी रुपयांच्या आसपास. शेकडो कोटी युरोंची गोष्ट असावी असं आपल्याला बाहेरून वाटतं, पण आकडा एवढाच आहे.

मग केळीवाले कशावर तगले? त्याची वाट वेगळी, आणि ती ज्वालामुखीच्या कितीतरी आधीची. युरोपची पोसेई नावाची योजना आहे, फक्त अशा दूरच्या प्रदेशांच्या शेतीसाठी. त्यातून कॅनरीच्या केळीला दरवर्षी १४ कोटी युरोंच्या वर मदत ठरलेली आहे. वाटप कॅनरीचं सरकार करतं, पण शेतकरी मान्यताप्राप्त उत्पादक संघटनेचा सभासद असला तरच ती मिळते. म्हणजे कोणाची किती जमीन, किती माल, कुठल्या संघटनेतून गेला, ही सगळी नोंद प्रादेशिक सरकारकडे वर्षानुवर्षांची तयार होती. लाव्हा आला तेव्हा त्यांनी आपत्ती जाहीर करून, माल निघाला नाही तरी त्या शेतकऱ्यांची मदत बुडणार नाही अशी सोय केली. नोंदच नसती तर कोणाच्या नावाने करणार होते? लाव्हाने पाण्याच्या लाइनी तोडल्यावर ज्या बागा वाचल्या होत्या त्या पाण्यावाचून वाळू नयेत म्हणून समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं आणून बसवली, हेही मला फार महत्त्वाचं वाटतं. गेलेल्यासाठी रडताना उरलेलं वाचवायचं राहून जातं, ते त्यांनी राहू दिलं नाही.

घरांचे पैसे तिसऱ्याच ठिकाणाहून आले. स्पेनमध्ये घर, गाडी अशा विमा पॉलिसींवर थोडासा अधिभार असतो, तो एका सरकारी विमा संस्थेकडे जमा होतो आणि भूकंप, पूर, ज्वालामुखी असल्या नुकसानीची भरपाई ती संस्था देते. ला पाल्मासाठी तिने २० कोटी युरोंच्या वर दिले. आणि तुझ्या कामाची गोष्ट ही की कॅनरीच्या केळीवाल्यांची वाऱ्याची पॉलिसी सामूहिक असते, उत्पादकांची शिखर संस्था सगळ्यांसाठी मिळून काढते. नुकसान मोजायला माणूस शेतात येतो.

आता प्रादेशिक सरकार काय करतं ते. मी राहतो तो एमिलिया-रोमान्या प्रांत. मे २०२३ मध्ये इथे पंधरा दिवसांत दोनदा पूर आला. तेवीस नद्या पात्राबाहेर गेल्या. मी तीन रविवार फाएन्झा गावात चिखल उपसायला गेलो होतो. पीचच्या बागा बुंध्यापर्यंत गाळात होत्या, म्हातारा मालक प्रत्येक झाडाच्या मुळाशी खड्डा करून हवा लागेल असं बघत होता. मला मामाच आठवले.

ऐक्य निधीला अर्ज पहिलं नुकसान झाल्यापासून बारा आठवड्यांत जावा लागतो. देशाचं सरकार करतं, पण आकडे प्रांताने द्यायचे असतात. बारा आठवड्यांत हजारो रस्ते, बंधारे, दरडी यांचा हिशेब. इथे तो देता आला, कारण २० आणि २९ मे २०१२ ला इथे भूकंप झाले होते. तेव्हा याच निधीतून ६७ कोटी युरो आले होते, आणि त्या वेळी नोंदी कशा करायच्या, फॉर्म कसे असावेत, कोणत्या गावात कोणता इंजिनिअर जाईल, हे सगळं लोक शिकले होते. २०२३ च्या पुरासाठी ३७ कोटी ८८ लाख युरो मंजूर झाले. त्यातला चौथा हिस्सा उचल म्हणून आधी, उरलेल्याला २०२४ च्या शरदातला इथला पावसाळी मोसम उजाडला. उशीर झालाच. पण आपत्तीच्या पहिल्या दिवसापासूनचा खर्च त्यात धरता येतो, म्हणून पैशाची वाट न बघता कामं सुरू करता आली. तरी गावांचे महापौर तेव्हा रागावले होते. पुनर्बांधणीचा कारभार रोमच्या केंद्र सरकारने प्रांताकडे न देता एका लष्करी जनरलकडे दिला, आणि आम्हाला विचारल्याशिवाय सगळं चाललंय अशी त्यांची तक्रार होती. ती मला पटते.

कोरोनानंतरचा मोठा पैसा वेगळा. जुलै २०२० मध्ये सत्तावीस देशांनी मिळून ७५० अब्ज युरोंचा निधी ठरवला, त्यासाठी युरोपने पहिल्यांदाच एवढं मोठं सामाईक कर्ज काढलं. इटलीच्या वाट्याला १९१.५ अब्ज ठरले, काही अनुदान, जास्त कर्ज. त्यातले चाळीस टक्के मागास दक्षिणेत खर्च करायचे असं ठरलं. पैसा खर्चाच्या पावतीवर मिळत नाही, ठरलेला टप्पा गाठला की मिळतो, आणि सगळे टप्पे ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत. इथे खरी अडचण कळली. दक्षिणेतल्या छोट्या गावांकडे निविदा काढायला इंजिनिअरच नव्हता. ज्याला गरज जास्त त्याचं कार्यालय रिकामं. शेवटी सरकारने एक हजार तज्ज्ञ नेमून प्रांतांना आणि गावांना दिले. पैसा हातात असताना तो वापरायला माणूस नसतो, हे मी युरोपात पाहीन असं वाटलं नव्हतं.


तापीकाठचा केळीवाला (रावेर)

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, फार बरं वाटलं. रात्री आप्पांना वाचून दाखवलं. पीचच्या मुळाशी खड्डा करणाऱ्या म्हाताऱ्याचं दोनदा वाचायला लावलं.

आप्पांचा प्रश्न असा की प्रांत स्वतःचं ठरवतो म्हणजे किती? आपल्याकडेही जिल्ह्याला पैसा येतो. मग फरक कुठे पडतो?


निवृत्त नियोजनवाला, जळगाव

केळीवाले भाऊ, या प्रश्नाला मी हात घालतो. सव्वीस वर्षं जिल्हा वार्षिक योजनेच्या फायली हाताळल्या आहेत.

आपल्याकडे ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर जिल्हा नियोजन समिती आली, महाराष्ट्राचा त्याचा कायदा १९९८ चा. कागदावर ती खालून वर जाणारी योजना आहे. प्रत्यक्षात वरून कमाल मर्यादा येते आणि आपण त्यात कामं बसवतो. आणि एकच तारीख सगळ्यांच्या छातीवर बसलेली असते, ३१ मार्च. मी अशा किती रात्री पाहिल्या आहेत की फेब्रुवारीत निधी हातात आला आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जे लवकर खर्ची पडेल ते मंजूर झालं. काँक्रीटचा रस्ता लवकर खर्ची पडतो. वाराअडथळ्याची झाडं खर्ची पडत नाहीत, त्यांना तीन पावसाळे लागतात. एका वर्षी आमच्याकडे शेताच्या पश्चिम बाजूला शेवरी-बांबूची पट्टी लावायचा प्रस्ताव आला होता, चांगला होता, ‘या आर्थिक वर्षात पूर्ण होणार नाही’ एवढ्या शेऱ्यावर परत गेला. तो शेरा माझ्या हातचा होता. आज तुमच्या आडव्या झालेल्या २,६०० खोडांबद्दल वाचलं तेव्हा तो कागद डोळ्यांसमोर आला.

युरोपच्या प्रादेशिक विकास निधीत सात वर्षांचा आराखडा एकदम ठरतो, सध्याचा २०२१ ते २०२७ चा. एखाद्या वर्षाच्या नावाने ठेवलेला पैसा पुढच्या तीन वर्षांत खर्ची पडला तरी चालतो, त्यानंतर मात्र परत जातो. त्यामुळे प्रादेशिक सरकारला झाड लावण्याइतका वेळ असतो. शिवाय गरीब प्रदेशात कामाचा ८५ टक्क्यांपर्यंत खर्च युरोप उचलतो, श्रीमंत प्रदेशात ४० च्या आसपास. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा त्यांनी नवा पैसा ठरायची वाट पाहिली नाही. जुन्या आराखड्यातला न वापरलेला पैसा व्हेंटिलेटरला, मास्कला, छोट्या कारखान्यांच्या खेळत्या भांडवलाला वळवायची परवानगी मार्च-एप्रिलमध्येच दिली, आणि एका वर्षासाठी प्रदेशाचा हिस्साही माफ केला. ज्यांच्याकडे आराखडा तयार होता त्यांनी आठवड्यांत फिरवाफिरव केली.

आता आपल्याला घेता येण्यासारखं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले. ऐंशी टक्के मदतीला आणि वीस टक्के आपत्तीची झळ आधीच कमी करायला. हा दुसरा भाग लोकांना माहीतच नसतो. देशभर मिळून एकूण रक्कम १,६०,१५३ कोटी रुपये होती, तिचा पाचवा हिस्सा म्हणजे लहान गोष्ट नाही. पण त्यासाठी खालून प्रस्ताव जावा लागतो. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणत्या दिशेचा वारा, किती हेक्टर, मागच्या दहा वर्षांत किती वेळा. माझ्या नोकरीत असा केळीचा एकही प्रस्ताव माझ्या टेबलावर आला नाही. मदत मागणारे अर्ज मात्र दर जूनला पोत्याने यायचे.


तळोद्याची, सध्या अभ्यासासाठी पुण्यात

काका, तुम्ही तो शेऱ्याचा प्रसंग लिहिलात, त्याबद्दल आदर वाटला.

मला सरासरीबद्दल बोलायचंय, कारण आम्हा नंदुरबारकरांचं घोडं तिथेच अडतं. युरोपात गरीब प्रदेश कोणता हे माणशी उत्पन्नावर ठरतं. युरोपच्या सरासरीच्या पंचाहत्तर टक्क्यांखाली असेल तर जास्त मदत. मग प्रदेशाची हद्द कुठे आखली याला फार महत्त्व येतं. पोलंडमधल्या माझोव्हिया प्रांतात वॉर्सा शहर येतं, त्यामुळे सगळा प्रांत कागदावर श्रीमंत दिसायचा आणि आसपासच्या गरीब तालुक्यांची मदत कमी व्हायची. शेवटी २०१८ पासून आकडेवारीसाठी वॉर्सा आणि भोवतालचा पट्टा वेगळा काढला, उरलेला माझोव्हिया वेगळा. प्रांताचं सरकार एकच राहिलं, फक्त हिशेब दोन झाले.

आता आपल्याकडे बघा. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली. विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’. खान्देश या उर्वरितमध्ये, म्हणजे मुंबई आणि पुण्याबरोबर एकाच सरासरीत. धडगाव-अक्कलकुव्याचं उत्पन्न मुंबईत मिसळलं की अनुशेष दिसणार कुठून? त्या मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० ला संपली, म्हणजे ऐन टाळेबंदीत, जेव्हा आमच्या भागातले ऊसतोड आणि वीटभट्टीवरचे मजूर गुजरातेतून पायी घरी येत होते. तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या घरासमोरून माणसं जायची, आई हंडा भरून ओट्यावर ठेवायची.

नंदुरबार २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांत आहे, त्याने लक्ष वाढलं हे खरं. पण खान्देशचे तीन जिल्हे एक प्रदेश मानून त्यांचा स्वतःचा हिशेब कोणी मांडत नाही. केळीवाले दादा, तुमच्या नऊ किलोमीटरवरच्या हवामान केंद्राचं दुखणं आणि आमच्या सरासरीचं दुखणं मला एकच वाटतं. मोजणारा लांब उभा आहे.


तापीकाठचा केळीवाला (रावेर)

ताई, शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

काका, तुम्ही त्या शेऱ्याचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सांगितलंत म्हणून तर मला कळलं की प्रस्ताव कुठे अडतो.

दोन दिवस मी आणि शेजारचे तिघं मिळून हे केलं. गावातल्या चौसष्ट केळीवाल्यांकडे गेलो आणि मागच्या दहा वर्षांत कोणत्या साली, कोणत्या महिन्यात बाग पडली ते विचारलं. तारखा लोकांना आठवत नाहीत, पण ‘पोरीचं लग्न होतं त्याच वर्षी’, ‘नवीन मोटार बसवली त्या जूनला’ असं आठवतं. त्यावरून साल काढलं. बत्तीस जणांकडे जुन्या पंचनाम्याची प्रत निघाली, काहींची पत्र्याच्या पेटीत, एकाची तर पोथीत. गट नंबर घालून नकाशावर खुणा केल्या, तेव्हा एक गोष्ट दिसली जी आम्हाला आजवर दिसली नव्हती. नाल्याच्या पश्चिमेला ज्यांच्या बांधावर जुनी शेवरी आणि बांबू उभे आहेत, त्यांच्या बागा फार कमी वेळा पडल्या आहेत. आमच्या बांधावरचा बांबू आप्पांनी आठ वर्षांपूर्वी काढला होता, दोन ओळी जास्त बसाव्यात म्हणून. आप्पा नकाशाकडे बराच वेळ बघत होते.

ग्रामसेवकांनी पुढच्या ग्रामसभेत विषय घेतो म्हटलंय. काका, प्रस्ताव कोणत्या नमुन्यात लिहायचा ते सांगाल का? मी जळगावला यायला तयार आहे. आणि बोलोन्याचे दादा, तुमच्याकडे पुराच्या वेळी गावागावांत नुकसान नोंदवायला जो फॉर्म वापरला, तो मिळेल का? आमचा पंचनामा एका पानाचा असतो, त्यात वाऱ्याची दिशा लिहायला जागाच नाही.


निवृत्त नियोजनवाला, जळगाव

शनिवारी या, अकरानंतर. पंचनाम्यांच्या झेरॉक्स आणा, मूळ प्रती आणू नका. गट नंबराची यादी सातबाऱ्याशी ताडून ठेवा, पहिला आक्षेप तिथेच निघतो. आप्पांना घेऊन या.


धुळेकर, सध्या मुक्काम बोलोन्या

फॉर्म आहे माझ्याकडे, फाएन्झातल्या एका बागवानाला भरायला मदत केली होती. चार पानांचा आहे आणि इटालियनमध्ये. रविवारी बसून मराठी करतो आणि इथे टाकतो. त्यात झाडाचं वय, पाणी कोणत्या बाजूने आलं, किती तास थांबलं, हे रकाने आहेत. पाण्याच्या जागी वारा लिहून घेऊ. बांबूची पट्टी आहे की नाही, असा एक रकाना आपण आपल्या हाताने घालू.